जोड

आमच्या तालमीत नव्या पोराला पहिल्या दिवशी डाव शिकवत नसत. त्याच्या हातात खोरं द्यायचे. मी 1970 साली, अकराव्या वर्षी, चुलत्याचं बोट धरून तालमीत गेलो. कमरेला नवा लाल लंगोट, डोक्यात खाशाबा जाधव आणि हातात खोरं, असा माझा थाट होता. दोन महिने मी कुणाच्या अंगाला हात लावला नाही. सकाळी चारला उठायचं, कंदिलाच्या उजेडात हौदा या कडेपासून त्या कडेपर्यंत उकरायचा, खडा लागला की उचलून दाराबाहेर टाकायचा, फळी ओढून माती सारखी करायची. मग मोठी पोरं लढत करायची, ती कोपऱ्यात उभं राहून बघायची. मला वाटायचं, वस्ताद फुकटचा गडी म्हणून राबवून घ्यायला लागलेत. घरी आईला तसं सांगितलंही. आई म्हणाली, "रानात तरी दुसरं काय करणार हाईस?"

आमचं गाव खानापूर तालुक्यातलं, विट्याच्या पुढचं. माळरानाचा मुलूख. जमीन मुरमाड, मध्येच एखादा काळा पट्टा. हौद्याला लागते ती तांबडी मऊ माती आमच्याकडं नाही, ती पन्हाळा-शाहूवाडीकडच्या डोंगराची. जुनी माणसं सांगायची, पहिल्यांदा ती बैलगाड्यांनी आणली, बैलांना वाटेत मुक्काम करत करत. आणलेली माती चाळायची. मग त्यात हळद, काव, लिंबाचा रस, गोडं तेल, कापूर आणि घरोघरचं ताक. आमच्या घरनं दरवर्षी नागपंचमीच्या आधी एक घागर ताक जायचं, त्या दिवशी घरात कढीला ताक नसायचं. हळद खरचटल्यावर चांगली, तेला-ताकानं माती अंगाला धरते आणि तिची धूळ उडत नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण वस्ताद पोरांना माती उकरायला का लावायचे, ते मला फार उशिरा कळलं. हातभर खोल उकरलेल्या मातीत पाय रुततो, पडला तर खांदा वाचतो. आणि जो रोज उकरतो त्याची मनगटं, खांदे, कंबर आपोआप तयार होतात. शेतकऱ्याच्या पोराला हे वेगळं सांगायला नको. खोंडाला पहिल्या दिवशी कुणी नांगराला जुंपत नाही. आधी मोकळं जू मानेवर ठेवतात, मग लाकडाचा ओंडका ओढायला लावतात, मग कुळव. नांगराची पाळी सगळ्यात शेवटी येते.

तालीम कधी बांधली त्याचा कागद नाही. दगडी भिंती, ठेंगणं दार. आत जाताना मोठ्यातल्या मोठ्या पैलवानाला वाकायला लागतं. आमच्या भागाला कुस्तीचं वारं दोन बाजूंनी लागलं. एक कोल्हापूरकडनं. शाहू महाराजांनी पैलवानांना आसरा दिला, पार पंजाबातले मल्ल कोल्हापुरात आणून ठेवले आणि 1912 साली खासबागचं मैदान उभं केलं. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा कुस्तीपेक्षा मैदानाकडंच बघत बसलो होतो. भल्या मोठ्या कढईसारखा आकार, कुठंही बसा, हौदा समोर दिसतो. दुसरं वारं औंधाकडनं. शेजारचं आटपाडी आणि खाली कुंडल ही औंध संस्थानातली. तिथल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांतून सूर्यनमस्कार चालू केले. त्यामुळं आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना जोर-बैठकांइतकेच नमस्कारही ठाऊक होते. पुढं प्रतिसरकारच्या काळात कुंडलला तुफान सेनेचं शिक्षण चालायचं. तालमीतली धडधाकट पोरं तिकडं ओढली गेली. आमचे वस्ताद तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे. ते काय करायचे हे त्यांनी कधी धड सांगितलं नाही. "निरोप पोचवायचो" एवढंच म्हणायचे आणि विषय बदलायचे.

वस्तादांचा डावा पाय जरा लंगडा पडायचा. शाळा त्यांनी दुसरीत सोडलेली. बडोद्याच्या मुजुमदारांनी मराठीत व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढलेत. त्यातले दोन मी पुढं वाचले, तेव्हा माझ्या मनात आलं की यातलं बरंच आमच्या निरक्षर म्हाताऱ्याच्या बोलण्यात होतं, फक्त शिव्यांसकट.

त्यांची शिकवण्याची रीत अशी. आधी पडायला शिकवायचे. पडताना हात खाली टेकवायचा नाही, मनगट जातं. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, पडल्यावर माती थोपटल्यासारखा सपाट हात मारायचा. मग मानेवर पूल. मान तयार झाल्याशिवाय कुणाला ढाक डाव शिकवला नाही, कारण त्यात माणूस डोक्यावर येऊ शकतो. जोर-बैठका वाढवायच्या त्यासुद्धा बेतानं. आज पन्नास जोर असतील तर आठ दिवसांनी पंचावन्न. आम्ही पोरं गामाच्या गोष्टी ऐकलेली. गामा रोज पाच हजार बैठका मारायचा, असं सांगतात. एका पोरानं ईर्ष्येनं एका दिवसात हजार मारल्या आणि चार दिवस त्याला परसाकडं बसता येईना. वस्ताद म्हणाले, "गामाला खायाला महाराज घालत हुता. तुझ्या बापाच्या घरात म्हस किती ल्हान दूध देती, त्या हिशेबानं बैठका मार."

हा खुराकाचा हिशेब त्यांनी 1972 च्या दुष्काळात फार कडक ठेवला. तेव्हा आमच्याकडं विहिरींनी तळ गाठलेला, जनावरं विकलेली, माणसं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला. रेशनला तांबडा मिलो आणि कामावर सुकडी. बदाम-खसखशीची थंडाई आमच्या घरात एरवीही नव्हतीच, आम्ही भिजवलेले हरभरे आणि शेंगदाणे-गुळावरचे पैलवान. त्या साली तेही गेलं. वस्तादांनी लढत बंद केली. सकाळी बारा नमस्कार घालायचे, अंगाला तेल असेल तर चोळायचं, नसेल तर नुसतंच रगडायचं आणि कामावर जायचं. दोघं-तिघं दुसऱ्या गावाला फडावर कुस्त्या धरायला लपून गेले, जिंकलं तर जेवण आणि दोन रुपये म्हणून. त्यातल्या एकाची मांडीची शीर अशी तटकन गेली की त्याला पोत्यात घालून आणला. वस्तादांनी त्याच्या घरी आपल्या वाट्याची सुकडी दिली आणि आम्हाला बोलावून त्याची मांडी दाखवली, काळीनिळी झालेली. एक शब्द बोलले नाहीत.

खाशाबांचं नाव आमच्या तालमीत देवासारखं घेत. गोळेश्वर कराडच्या जवळ, म्हणजे आम्हाला ते आपलेच. 1948 साली लंडनला ते पहिल्यांदा गादीवर लढले आणि सहावे आले. 1952 साली हेलसिंकीला सत्तावन्न किलोत ब्राँझ. स्वतंत्र भारताचं एकट्या माणसानं मिळवलेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. जाण्यासाठी पैसे नव्हते, तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. परत आले तेव्हा कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. वस्ताद त्या गर्दीत होते. पण ते ही गोष्ट सांगताना मिरवणुकीवर फार थांबत नसत. ते थांबायचे जपान्याच्या आणि रशियनाच्या कुस्तीवर. जपानी इशीशी खाशाबांची कुस्ती लांबली, दम निघाला, आणि लगेच त्यांना रशियनापुढं उभं केलं. मध्ये विसावा मिळायला पाहिजे होता, पण तसं भांडून सांगायला आपल्या बाजूचं माणूस तिथं कुणी नव्हतं. "कुस्ती हरली नव्हं, दम हरला," असं वस्ताद म्हणायचे. त्यातनं त्यांनी तालमीचा एक नियम काढला होता. एक लढत झाली की दुसरी लगेच नाही. हौद्याच्या काठावर बसायचं, श्वास नाकातनं यायला लागला की मग उठायचं. तोंडानं श्वास घेणाऱ्या पोराला त्यांनी कधी हौद्यात उतरू दिलं नाही.

आणि खाशाबांचं दुसरं, ते जरा हळू आवाजात सांगायचे. 1956 ला मेलबर्नला त्यांना जायचं होतं. गुडघा दुखावला आणि ते राहूनच गेलं. "खाशाबाचा गुडघा जातू, तर तुझा काय लोखंडाचा हाय?" एवढं बोलून ते आपल्याच लंगड्या पायाकडं बघायचे.

आता लढतीचं सांगतो. बाहेरच्या माणसाला वाटतं की पैलवान रोज तालमीत एकमेकांना आपटतात. तसं नसतं. रोजच्या लढतीत चीत करणं हे काम नसतंच. खडाखडी करायची, हाताला हात लावून समोरच्याचा जोर जोखायचा, पट काढायचा, कब्जा घ्यायचा, सुटायचं, परत उभं राहायचं. मोठा पैलवान लहानाला खेळवतो. तो मुद्दाम पट देतो, म्हणजे पोराला पट काढायचा अंदाज येतो. लहानानं ते ओळखायचं आणि मोठ्याच्या डोळ्यात बोटं जातील असं काही करायचं नाही. शनिवारी वस्ताद रांगेत उभं करून नखं बघायचे. दंडातला ताईत, हातातलं कडं, गळ्यातला दोरा, सगळं काढून खुंटीला. कुणाला खरूज-गजकर्ण दिसलं की त्याला हौदा बंद. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे थाप. खालच्यानं मातीवर थाप मारली, किंवा वरच्याच्या अंगावर मारली, की पकड त्याच क्षणी सोडायची. डाव पुरा व्हायला एक बोट राहिलेलं असलं तरी सोडायची.

कुणाची जोड कुणाशी हे वस्ताद ठरवायचे. नुसतं वजन बघून नव्हे. एक तापट तर दुसरा थंड, एकाची उंची तर दुसऱ्याचा पट. बैलांची जोड लावतात तशीच. शेजारी चालून चालून एकाच्या चालीला दुसरा सरावतो. ज्याला माणसाची जोड मिळायची नाही त्यानं मल्लखांबाला धरायचं. पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब परत उभा केला, आणि आमचे वस्ताद त्याला "लाकडाचा गडी" म्हणायचे. त्याला कितीही पिळा, तो रागावत नाही.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर हे सगळं गुळासारखं गोड वाटेल. हौद्यात आमच्या सगळ्या जातींची पोरं एकमेकांच्या अंगाला अंग घासायची, घाम एक व्हायचा. पण लढत झाल्यावर दारातल्या रांजणाचं पाणी सगळ्यांना हातानं घेता येत नव्हतं. काहींना वरनं ओतायचे. मी स्वतः ओतलंय. मातीत शिवलेलं चालायचं, रांजणाला चालायचं नाही. हे 1977-78 पर्यंत होतं. मग वस्तादांनीच एक दिवस तो रांजण फोडला आणि नळ घेतला. नळाला पाणी आठवड्यातनं दोनदा यायचं, हा भाग निराळा.

माझी जोड एका धनगराच्या पोराशी लावली होती. माझ्यापेक्षा वर्षानं लहान. मी तापट, तो थंड. सात वर्षं आम्ही रोज लढलो. त्याच्या श्वासावरनं मला कळायचं की तो आता कुठल्या पायावर येणार. त्याचा एकेरी पट असा होता की पाय गेलेला कळायचा, पण हात आलेला दिसायचा नाही. मी 1976 ला दहावीला बसलो, पास झालो, पुढं शिकायला पैसा नव्हता आणि खरं सांगायचं तर मनही नव्हतं. कोल्हापूरच्या तालमीत जायचं, वर्षा-दोन वर्षांत महाराष्ट्र केसरीला उतरायचं, एवढंच दिसत होतं. सहकारी साखर कारखाने तेव्हा पैलवानांना मानधन देऊ लागले होते. मानधनाचा पैलवान म्हणजे आमच्या दृष्टीनं तहसीलदारच.

1978 च्या थंडीत कोल्हापूरकडचे दोन जाणते आमच्या तालमीत आले. चांगलं पोर दिसलं तर घेऊन जाणार होते. वस्तादांनी आमची दोघांची लढत लावली. गाव जमलेलं. चुलता पहिल्या रांगेत. पहिल्याच मिनिटाला त्यानं पट काढून मला खाली घेतला. मी सुटलो, उठलो. परत पट, परत खाली. लोक हसले. पाहुण्यातला एक जण दुसऱ्याच्या कानाला लागून काहीतरी बोलला आणि बोट त्याच्याकडं केलं. ते बोट मी बघितलं.

तिसऱ्यांदा मी त्याचा पट अडवला आणि वर आलो. तो खाली, पालथा. त्याचा उजवा हात मी पाठीवर पिळून वर घेतला. त्यानं मातीवर थाप मारली. मला ऐकू आली. आजवर मी लोकांना सांगत आलो की हलगीच्या आवाजात ऐकू आली नाही. त्या दिवशी हलगीवाला आलाच नव्हता. त्यानं दुसरी थाप मारली. मी हात अजून वर घेतला. ओल्या तुऱ्हाटीसारखा आवाज आला, आणि तो ओरडला नाही, नुसता मातीत तोंड खुपसून राहिला.

वस्ताद मला मारतील म्हणून मी भिंतीला जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. त्याचा खांदा धरून त्याला बसवला, ओली माती लावली, फडकं बांधलं. ते पहिल्या दिवशी कधी चोळू द्यायचे नाहीत. पण घरच्यांनी दुसऱ्या दिवशी हाडवैद्याकडं नेला. आंबेहळद आणि रक्त्याबोळाचा लेप, कामट्या, महिनाभर बांधलेला हात. मिरजेला न्यायला दोन महिने उशीर झाला. तोवर खांदा आत बसला तो वेडावाकडाच. हात कानाच्या वर जाईना.

पाहुणे त्याच दिवशी निघून गेले. कुणालाच घेऊन गेले नाहीत. संध्याकाळी वस्ताद मला एवढंच म्हणाले, "आता तुझ्या अंगाला अंग कोण लावंल?"

मला वाटलं, रागानं बोलले. पण तसंच झालं. दुसऱ्या दिवसापासनं कुणी माझ्याशी लढायला तयार होईना. वस्तादांनी मना केलं नव्हतं. पोरं आपली आपणच लंगोट बांधून दुसऱ्या जोडीकडं जायची. थाप न ऐकणाऱ्याच्या हातात कोण हात देणार? मी मल्लखांबाला धरलं, एकट्यानं हौदा उकरला, जोर मारले. अंग दगडासारखं झालं, पण लढतीचा अंदाज गेला. माणूस समोर नसला की अंगाला कळत नाही की जोर कुठं लावायचा आणि कुठं सोडायचा. तसाच मी चैत्रातल्या जत्रांना फडावर जाऊ लागलो. नारळावरच्या कुस्त्या, मग पन्नासाच्या, मग शंभराच्या. 1980 च्या वैशाखात एका जत्रेत दीडशे रुपयांची कुस्ती धरली. आदल्या फडाला गुडघ्याला झटका बसलेला होता, सूज होती. ती मी कुणाला दाखवली नाही. दाखवायला जवळ कोण होतंच म्हणा. समोरच्यानं टांग लावली, माझा पाय मातीत रुतलेला, अंग फिरलं आणि गुडघा जागच्या जागी राहिला. वीस वर्षं आणि काही महिन्यांचा असताना माझी पैलवानकी संपली. दीडशेतले पंचाहत्तर आयोजकांनी दिले, बरोबरीत सोडवली म्हणून.

तो मधल्या काळात गलाईला गेला. आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. तो कोइमतूरला एका नातेवाइकाच्या दुकानात भट्टीवर लागला. भट्टीच्या कामाला हात डोक्याच्या वर लागत नाही, असं त्याच्या आईनं माझ्या आईला सांगितलं. आईनं ते मला सांगितलं तेव्हा मी जेवत होतो. मी जेवण संपवलं, एवढं आठवतंय.

वस्ताद 1991 ला गेले. शेवटच्या वर्षात मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडं जाऊन पाय चेपायचो. एकदा मी विचारलं की त्यांचा पाय कशानं गेला. मला वाटलेलं, प्रतिसरकारच्या धावपळीत गेला असेल. तर म्हणाले, "जोडीदारानं मोडला. लढतीत." मग बराच वेळानं म्हणाले, "त्यो पण नंतर लढला न्हाई." कोण तो, ते सांगितलं नाही.

मधली पंचवीस वर्षं सांगण्यासारखी नाहीत. तालीम ओस पडली. पोरं क्रिकेटकडं, मग नोकऱ्यांकडं, मग मोबाइलकडं. हौद्यात कुणीतरी कडबा रचला होता. टेंभूचं पाणी आलं, माळावर ऊस आणि द्राक्षं उभी राहिली, तसा गावात पैसा आला आणि मग कुणाच्या तरी डोक्यात तालीम परत आली. शेजारी पत्र्याची शेड उभी राहिली, त्यात गादी टाकली. महाराष्ट्र केसरीलासुद्धा आता माती आणि गादी असे दोन विभाग असतात, शिवाय बाहेरच्या देशात सगळं गादीवरच. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि गुण. त्यामुळं गादीला नावं ठेवून चालत नाही. माझ्या वयाची काही माणसं ठेवतात. मी ठेवत नाही. मातीत माझा गुडघा गेलाच ना? आणि आमच्या काळातले मोडलेले कान, वाकडी बोटं, चाळिशीत काठी धरलेले पैलवान मी मोजून दाखवू शकतो. मला खटकतं ते निराळं. आताच्या पोरांना जिममध्ये वजन उचलून सहा महिन्यांत अंग पाहिजे. काही जण सुया टोचून घेतात. वजनगटात बसायला दोन दिवस पाणी तोडतात आणि सुकलेल्या अंगानं लढतात. गादी झाडायचं, पुसायचं काम त्यांना कमीपणाचं वाटतं, मग अंगावर गजकर्ण उठतं आणि सगळ्यांना लागतं. शेजारी हौदा आहे, तोही दोन वर्षांपूर्वीपर्यंत वीटभट्टीसारखा घट्ट झालेला होता.

तो दहा-बारा वर्षांमागं कोइमतूरहून कायमचा परत आला. मुलाच्या ताब्यात दुकान देऊन. आम्ही बाजारात, लग्नात समोरासमोर यायचो, रामराम घालायचो. तो डाव्या हातानं घालायचा. खांद्याचा विषय त्यानं काढला नाही. मी काढायला पाहिजे होता, तो मीही काढला नाही. सहा-सात वर्षं अशी गेली.

मग एक दिवस तो नातवाला घेऊन माझ्या वस्तीवर आला. नातू अकरा वर्षांचा, बारीक चणीचा, पाय लांब. म्हणाला, "ह्याला तालमीत घालायचा हाय. तू जातूस नव्हं तिकडं?" मी जायचो, पोरांच्या लढती बघत बसायचो, कुणी विचारलं तर सांगायचो, एवढंच. मी म्हणालो, "माझ्याकडं देतूस?" तो म्हणाला, "मग कुणाकडं देऊ? थाप कवा सोडायची ते तुझ्यापेक्षा जास्त कुणाला ठावं हाय?"

मी तेव्हा बोललो. अंगणात बाजेवर बसून, चाळीस वर्षांनी. हलगी नव्हती, मला ऐकू आली होती, दोन्ही वेळा. तो म्हणाला, "मला म्हाईत हाय. माझा कान मातीला हुता, तुझा श्वास ऐकू येत हुता. तू दम रोखून धरला हुतास." मग चहा आला, चहात साखर जास्त होती, त्यावर तो बोलला. माझी बायको म्हणाली, "भावजी, तुम्हाला साखर चालत न्हाई का?" आणि गोष्ट तिथंच राहिली.

मागच्या नागपंचमीला आम्ही दोन ट्रॉल्या तांबडी माती आणली. ट्रॅक्टर एका दिवसात जाऊन आला. चाळायला पोरं कुरकुरली, पण चाळली. ताक आता घागरीनं कुठलं मिळायचं, डेअरीत दूध जातं. मग पोरांनी पिशवीतलं ताक आणलं, पन्नासभर पिशव्या कात्रीनं कापून ओतल्या. मला हसू आलं, पण माती चांगली बसली. नातवाला मी खोरं दिलंय. दोन महिने झाले, त्यानं अजून कुणाच्या अंगाला हात लावलेला नाही. घरी जाऊन तक्रार करतो म्हणे. मोठ्या पोरांची लढत चालते तेव्हा आम्ही दोघं काठावर बसतो. तो माझ्या उजव्या अंगाला बसतो, म्हणजे त्याचा धड हात माझ्याकडं येतो. लढतीत कुणी थाप मारली की आम्ही दोघं एकदमच बघतो की वरचा सोडतोय का.

परवा एकानं सोडायला जरा वेळ लावला. फार नाही, एक श्वासभर. मी उठायच्या आत तो हौद्यात उतरला होता, धोतराचा सोगा खोचून. त्या पोराला त्यानं दंडाला धरून बाहेर काढला, खोऱ्यापाशी नेऊन उभा केला आणि मला म्हणाला, "ह्याला कुठनं उकरायला लावायचं? दारापासनं?"